पालथी ताटं

"माही चूक अशी का, मी या घरातल्या लोकायचं जास्तच ऐकून घेतो," असं म्हणत गणपतरावांनी समोरचं पालथं ताट सुलटं करायला हात पुढे केला.

"हे त आमची चूक झाली," शामलाबाई म्हणाल्या. "तुमची सांगा."

हात मागे गेला.

शामलाबाईंनी एकोणीस वर्षं ख्रिस्ती सिस्टर लोकांच्या मठात स्वयंपाक केला होता. तिथे जेवणाआधी ताटं पालथी असत, आणि आठवड्यातून एकदा एकेक सिस्टर उभी राहून आपली चूक सांगे. आपलीच, दुसऱ्याची नाही. ऐकणाऱ्यांनी एक अक्षर बोलायचं नाही. काम सोडल्यावर बाईंनी ही रीत नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरी आणली. देव्हाऱ्यातल्या गणपतीची काही हरकत दिसली नाही. हरकत होती ती नवऱ्याची, गणपतरावांची.

"पालथं ताट म्हंजे अपशकुन असते वं. त्यायचा देव अलग, आपला अलग."

"चूक त सारखीच असते न?"

मुलगा जितेंद्र दर शनिवारी गीझर बंद करायला विसरल्याचं सांगून मोकळा होई. पण शामलाबाईंना गीझरशी काही घेणंदेणं नव्हतं. दिवाळीत सुनेचे, काजलचे वडील चंपतराव पारशिवनीहून नव्या तांदळाचं पोतं घेऊन आले होते. गणपतराव टीव्हीसमोरून उठले नाहीत. "ठेवा तिकडं," एवढंच म्हणाले, हमालाला म्हणावं तसं. चंपतराव पाणीही न पिता परत गेले. तेव्हापासून काजल सासऱ्यांशी कामापुरतंच बोलत होती, आणि उद्या ती आणि जितेंद्र हुडकेश्वरला भाड्याच्या घरात राहायला जाणार होते. जाणं थांबणार नाही हे शामलाबाईंना कळत होतं. पण पोरं मनात अढी घेऊन जाऊ नयेत, यासाठी त्यांचा जीव तुटत होता.

वरण निवत चाललं. शेवटी त्या स्वतःच उभ्या राहिल्या.

"माही चूक सांगते. काजलचे बाबा आले त्या दिवशी मी सैपाकघरातून सारं पाहिलं. पाण्याचा गिलास हातात होता. पन यायच्या भेवानं मी बाहेर नाही आली."

त्यांनी आपलं ताट सुलटं केलं.

गणपतराव बराच वेळ ताटाच्या पाठीकडे पाहत राहिले.

"ते आले तवा मी उठलो नाही," ते म्हणाले. "पानी बी नाही इचारलं. टीव्हीवर त काही नव्हतंच. जाहिराती चालू होत्या."

नियमाप्रमाणे सगळे गप्प राहिले. काजल उठली. तिनं सासऱ्यांचं ताट सुलटं केलं आणि भात वाढला. तांदूळ त्याच पोत्यातला होता. शामलाबाईंना इतकं हलकं वाटलं, की वरण पुन्हा गरम करायचं त्या विसरूनच गेल्या.

सकाळी मेटाडोर आला. गाद्या, कपाट, कुकर, सगळं चढलं. निघताना काजलनं भांड्यांच्या खोक्यातून दोन ताटं काढून परत रॅकमध्ये ठेवली.

"हे काहून?" गणपतरावांनी विचारलं.

"शनिवारी लागतीन न, बाबा."

गाडी वळेपर्यंत ते फाटकाशी उभे राहिले. मग आत आले. शनिवारला अजून सहा दिवस होते. त्यांनी ती दोन ताटं काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि टेबलावर मुलाच्या आणि सुनेच्या जागी पालथी घालून ठेवली. शामलाबाईंनी ते पाहिलं.