अर्ध्या मिलिमीटरची फट

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे, आणि मी खोटा आहे. जन्मतः नव्हतो. पोलादाची एक पट्टी, तिच्यावर बारीक रेघा, एक स्थिर जबडा आणि एक सरकता, एवढेच माझे शरीर. जबड्यांच्या टोकांत वस्तू धरायची आणि पट्टीवर आकडा वाचायचा. कारखान्यातून निघालो तेव्हा मी मिलिमीटरचा पन्नासावा भाग अचूक सांगत असे. त्याचा मला भारी ताठा होता.

गोवा मुक्त होऊन वीस-बावीस वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट. डिचोलीच्या पद्मावतीने मला विकत घेतले. ती उत्क्रांतीचा अभ्यास करत होती. एकाच जातीत मादी एवढी थोराड आणि नर एवढा किरकोळ का, हा तिचा प्रश्न. त्यासाठी तिने रानातला मोठा कोळी निवडला होता. मादीचे नुसते अंग चाळीस मिलिमीटर, नर जेमतेम सहा. मोठी मादी जास्त अंडी घालते, म्हणून तिचे मोठेपण फळाला येते. नर मात्र तिच्या जाळ्याच्या कडेला जीव मुठीत धरून बसतो, आणि पुष्कळदा तिच्याच तोंडी जातो. मला त्याची कीव आली नाही. मोजणाऱ्याने कीव करायची नसते, अशी माझी समजूत होती.

पहिले वर्ष पेडण्याच्या कुळागरांत, माडा-पोफळींच्या बागांत गेले. जाळी शोधायला आणि वहीत आकडे लिहायला पद्मावतीने तिथल्याच शेवंतीला हाताशी घेतले होते. शेवंती वयाने मोठी, चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर मात्र छापल्यासारखे. पद्मावती आकडा वाचायची, शेवंती तो मोठ्याने परत म्हणायची आणि मगच लिहायची. तिची स्वतःचीही एक रीत होती. स्पिरिटातून काढलेला प्रत्येक नर ती आधी उकड्या तांदळाच्या एका दाण्याशेजारी ठेवून बघायची.

"बाय, तांदळाएवडोच आसा," ती म्हणायची. "ल्हान आसा म्हणान जितो आसा. मोटो आसतो तर बायलेच्या डोळ्यार इलो आसतो."

पद्मावती हसायची. मीही मनात हसायचो. पोलादापुढे तांदळाची काय मातब्बरी!

दुसऱ्या वर्षी दोघी सुर्ल्याला गेल्या. खाणीच्या लाल धुळीत वाढणारे कोळी आणि पेडण्याचे कोळी यांत फरक पडतो का, हे पद्मावतीला पाहायचे होते. तिचा थोरला भाऊ शिवदास तिथे खनिजाचा टिपर चालवायचा. त्याच्याच घरी दोघी उतरल्या. शिवदासाने बहिणीसाठी आपली खोली रिकामी करून दिली होती. माणूस वाईट नव्हता, हे सांगायलाच हवे.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी त्याच्या टिपरच्या आरशाचा नट ढिला झाला. नदीच्या धक्क्यावर मुरगावला जाणारी बार्ज भरत होती आणि त्याचा नंबर चुकणार होता. पान्हा सापडेना. दारापुढच्या बलकावातल्या बाकावर मी पडलो होतो. त्याने मला उचलले, नट माझ्या जबड्यांत पकडला आणि सगळा जोर लावून पिळला. नट आवळला गेला. माझी टोके फाकली.

मुळाशी जबडे नीट मिटत होते, शून्यही शून्यावर येत होता. टोकांशी मात्र अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली. त्या दिवसापासून टोकांत धरलेली प्रत्येक वस्तू मी अर्ध्या मिलिमीटरने लहान सांगू लागलो. शिवदासाने ती फट पाहिली. त्याने मला लुंगीला पुसले, पेटीत ठेवले आणि तो निघून गेला.

चाळीस मिलिमीटरच्या मादीला अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. सहा मिलिमीटरचा नर मात्र त्याने साफ खुजा होतो. आकडे पाहून पद्मावतीचे डोळे चमकू लागले. धुळीत नर आणखी लहान होतात! असा शोध आजवर कुणाला लागला नव्हता.

शेवंती मात्र दाण्याशेजारी नर ठेवून बसली होती. "बाय, ह्यो दादलो तांदळाएवडोच आसा. पेडण्याचोय तसोच होतो. माप चुकता."

"शेवंते, तांदळान शास्त्र जायना," पद्मावती म्हणाली. "तू आकडे लिही."

शेवंतीने लिहिले. शिवदास तिथेच पेज जेवत होता. त्याने मान वर केली नाही.

प्रबंध गेला. परीक्षकांनी बाटल्या मागवून त्यांतले नर स्वतः मोजले आणि सगळा प्रबंध परत आला. पेडण्याचे आकडे बरोबर, सुर्ल्याचे सारे चूक. पद्मावतीची तीन वर्षे पाण्यात जायची वेळ आली. सगळे आकडे सारख्याच अंतराने चुकले होते. माणसाच्या लिहिण्यात अशी चूक होत नाही, हे तिच्यासारख्या हुशार बाईला कळायला हवे होते. पण ते कळून घ्यायचे तर सुर्ल्याला भावाच्या घरी विचारावे लागले असते.

तिने खापर शेवंतीवर फोडले. सुधारलेल्या प्रबंधात एक वाक्य छापले गेले: सुर्ला येथील नोंदी सहायक शेवंती हिने निष्काळजीपणे लिहिल्या.

शेवंती डिचोलीला आली, तेव्हा मी टेबलावरच होतो.

"बाय, तू सांगलंस तोच आकडो मी लिवलंय. माका दुसरा कायएक नको. माझा नाव तेवडा काड."

"छापून झालं आता," पद्मावती म्हणाली आणि कागद चाळू लागली. शेवंती आली तशी परत गेली. पुढे गावच्या बालवाडीत बाई हवी होती. खोटे आकडे लिहिणारीच्या हाती हजेरीपट कसा द्यायचा, असे लोक म्हणाले. ती काजूच्या बिया फोडायला जाऊ लागली. त्या चिकाने तिची बोटे काळी पडली, असे मी नंतर ऐकले.

पद्मावती डॉक्टर झाली, कॉलेजात विभागप्रमुख झाली. पंधरा वर्षांनी एकदा तिने माझे जबडे मिटून मला सहज खिडकीच्या उजेडात धरले. टोकांमधून ऊन आरपार आले. ती खुर्चीत बसली. त्याच रविवारी मला घेऊन ती भावाकडे गेली.

"अगो, लोखंड ता," शिवदास म्हणाला. "एक नट आवळलंय. सांगाचा म्हणून सांगूक जमला नाय, तू खुशीत होतस."

ती रडली. मला वाटले, आता ही पेडण्याला जाणार. एक पत्र तिने लिहिलेही, माझ्यासमोर. मग फाडले.

महिन्याभराने तिने कॉलेजच्या दारातल्या काचेच्या कपाटात मला मखमलीवर मांडले. खाली पाटी लावली: या उपकरणाने गोव्यातील कोळ्यांचे पहिले अचूक मापन झाले. माझे जबडे तिने पूर्ण उघडे ठेवले आहेत. उघड्या जबड्यांत फट दिसत नाही.

मित्रांनो, शाळेच्या सहलीने तुम्ही येता, काचेला नाक लावता आणि पाटी वाचून पुढे जाता. मला पुसा, तेल लावा, असे माझे मागणे नाही. शेवंती अजून जिवंत आहे. कुणीतरी कपाटाची किल्ली मागा, माझे जबडे मिटा आणि मला उजेडात धरा.