चटईखाली कोण बसणार

“किती सुंदर आहे ही! आमच्यासाठी आणलीत?” असं म्हणत प्रिचर्डबाईंनी चटईवरून हात फिरवला आणि शेजारच्या माणसाला फोटो काढायची खूण केली.

मेरिपाने माझ्याकडे पाहिलं. मेरिपा ही माझी भावजय, धाकट्या भावाची, आपेरामोची बायको. वृद्धाश्रमात फरशा पुसते. चार माणसांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. चर्चमध्येसुद्धा मागच्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवते. पण त्या शनिवारी आमच्या आईने विणलेली ती चटई काखेत घेऊन ती सगळ्यांच्या आधी सभागृहात येऊन बसली होती. महासाथीत सरकारने काय वेगळं करायला हवं होतं, हे विचारायला सिडनीच्या पश्चिमेकडच्या आमच्या वस्तीत प्रिचर्डबाईंची सरकारी समिती आली होती. सोबत चहा आणि सँडविच. माणसं मातीत गेल्यावर यांना प्रश्न सुचला. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

“ती भेट नाही, बाई,” मी म्हटलं. “हात काढा.”

“अरे, माफ करा,” बाई म्हणाल्या. एवढी माफी मात्र चटकन आली.

“तुमच्यासाठीच आहे,” मेरिपा उठून म्हणाली. “पण न्यायला नाही. खाली बसायला.”

“खाली बसायला?”

“आमच्या सामोआत एखाद्याच्या हातून दुसऱ्याचं माणूस गेलं, की त्या घरचा कर्ता पहाटे येतो. दारासमोर बसतो, डोक्यावरून चटई पांघरून. बोलत नाही. मग गेलेल्याच्या घरचं कुणीतरी येऊन चटई उचलतं आणि त्याला आत घेतं. नाहीतर उन्हात तसंच बसू देतं.” तिने बाईंकडे पाहिलं. “कर्त्यानेच यायचं. नोकर पाठवून चालत नाही.”

प्रिचर्डबाईंनी चष्मा काढला. “मी तुमच्या भावना समजू शकते. पण माफी मागण्याचा अधिकार समितीला नाही. आम्ही फक्त धडे नोंदवतो.”

“मग नोंदवा,” मेरिपा म्हणाली. “माझा नवरा गोदामात तुमच्या शहराचा किराणा भरत होता. बाकीचे घरात बसले, कारण तो कामावर जात होता. लस कधी मिळेल म्हणून विचारलं, तर म्हणाले थांबा. थांबलो. आमच्याकडे नर्सा पाठवायच्या, तर तुम्ही सैनिक पाठवलेत. समुद्रकाठच्या श्रीमंत वस्त्यांत लोक पोहत होते आणि आमच्या डोक्यावर हेलिकॉप्टर. नियम रोज बदलायचे, तेही तुमच्या भाषेत. आमच्या पाद्रीबुवांना एक फोन केला असता तरी घराघरांत निरोप पोचला असता.”

मेरिपाला एवढं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

“तो गेला तेव्हा मी आणि वन्सं दवाखान्याच्या गाडीतळावर उभ्या होतो. आत सोडायचं नव्हतं, तर नका सोडू. पण एक काच पुरली असती. काचेतून बघितलं असतं त्याला. ही चटई शवपेटीवर घालायची होती, तीही घालू दिली नाही.”

“हे फार मोलाचं आहे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी लिहून घेतलं. “काच. पुढच्या वेळी नक्की उपयोग होईल.”

“पुढच्या वेळी हिचा नवरा कुठून आणणार?” मी विचारलं.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या हातातला चहा त्यांच्या अंगावर ओतावा असं मला वाटलं, आणि ते वाटल्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. सभा संपली. लोक खुर्च्या रचू लागले, आणि मेरिपाने चटईची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी चर्चला जाण्याआधी मी फुलं घेऊन आपेरामोच्या थडग्याकडे गेले. जेमतेम उजाडलं होतं. दगडासमोर काहीतरी गाठोड्यासारखं दिसलं. जवळ गेले, तर आईची चटई. खालून कामावरचे बूट दिसत होते.

“मेरिपा, ऊठ.”

“तुम्ही उचलायची असते, वन्सं,” आतून आवाज आला. “तुम्ही त्याची बहीण.”

“तुझा काय गुन्हा?”

“गाडीतळावर थांबा म्हणाले, थांबले. दार फोडून आत जायला हवं होतं मी.”

“वेडी आहेस का? फोडलं असतंस तर तुलाच बेड्या घातल्या असत्या. बसायचं त्यांनी.”

“ते येणार नाहीत. काल बघितलंत ना तुम्ही. कुणीतरी बसायला हवं ना त्याच्यासमोर.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्यांनी बसायचं, ते आपापल्या घरी पांघरूण घेऊन झोपले होते, आणि फरशा पुसणारी ही बाई त्यांच्या जागी बसली होती. चटई उचलावी, तर गुन्हा हिचाच होता असं मी मान्य केल्यासारखं होणार. न उचलावी, तर ही उन्हात बसून राहणार. हट्टी आहे. आपेरामो हयात असतानाही त्याचं ऐकायची नाही.

मी फुलं दगडावर ठेवली. गुडघे धरून कशीबशी खाली बसले, चटईची कड वर केली आणि तिच्या शेजारी आत शिरले. आत अंधार होता आणि फरशी पुसायच्या औषधाचा वास येत होता.

“आता उचलणार कोण?” मेरिपाने विचारलं.

“सरक जरा तिकडे,” मी म्हटलं.

ती सरकली. ऊन वर येऊ लागलं होतं.