पाच खाचांचा टाको-स्टँड

मित्रांनो, मी एक जुना स्टँड आहे. स्टँड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एसटी उभी राहिली असेल, नाहीतर सायकल. मी तसला नाही. मी दीड वीत लांब आणि चार बोटं रुंद असा स्टीलच्या पत्र्याचा तुकडा आहे, आणि वर-खाली, वर-खाली असा नागमोडी वाकवलेला आहे. त्यामुळे माझ्या अंगावर पाच खाचा तयार झाल्या आहेत. एकेका खाचेत एकेक टाको उभा राहतो. टाको म्हणजे मधोमध दुमडलेली छोटी कुरकुरीत पोळी आणि तिच्या पोटात भरलेलं सारण. मी जन्मलो तेव्हा चांदूर बाजारातल्या आमच्या गल्लीत हा शब्द फार तर दोघा-तिघांना ठाऊक असेल. आता शुक्रवारी संध्याकाळी शेजारची मुलं वास घेत दारात येतात. त्यात माझाही वाटा आहे, हे मी मुद्दाम सांगतो. बढाई मारायची मला थोडी सवय आहे.

खरी बढाई मात्र माझ्या कारागिराची मारायला हवी. अब्दुल रहीम यांचं पत्र्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे घर आणि मधे एक दार. पिपे, नरसाळी, चाळण्या सगळंच ते करायचे, पण नाव होतं ते कोठ्यांसाठी. ज्वारी भरून ठेवायच्या या पत्र्याच्या कोठ्या न्यायला अंजनगाव सुर्जीहून बैलगाड्या यायच्या. कोठी तयार झाली की अब्दुल रहीम तिच्यात पाणी भरून गिऱ्हाईकाला दाखवायचे. सांध्यातून थेंब गळाला तर कोठी फुकट न्या, म्हणायचे. कुणाला फुकट न्यायला मिळाली नाही.

मग दोन हजार चौदा-पंधरा सालच्या सुमारास पाऊस लागोपाठ हुकला. ज्वारीच्या वावरांत आधीच कपाशी आणि सोयाबीन आलं होतं, आता तेही हातचं गेलं. घरात साठवायला दाणेच नाहीत तर कोठी कोण घेणार? बाजाराच्या दिवशीही दुकानापुढे कुणी थांबेना. अब्दुल रहीम रडत बसणाऱ्यांतले नव्हते. हॉटेलांच्या ओट्यांना स्टीलचा पत्रा मढवायचं काम त्यांनी धरलं. अशाच एका ओट्यातून मी उरलो आणि दुकानाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून राहिलो.

त्याच हिवाळ्यात अब्दुल रहीम यांना लकवा मारला. जीव वाचला, बोलणंही शाबूत राहिलं, पण उजवा हात कामातून गेला. तो सारखा थरथरायचा. कातर धरवत नव्हती आणि घासही धरवत नव्हता. तोंडाशी जाईपर्यंत निम्मा घास मांडीवर पडायचा. कुणी भरवलेलं त्यांना चालेना. डाव्या हातानं जेवायला ते तयार होईनात, कारण घरातल्या सगळ्या पोरांना ‘सीधा हात’ म्हणून त्यांनीच जन्मभर दटावलं होतं. एक दिवस त्यांनी आपलं ताट दुकानात आणून ठेवायला सांगितलं आणि मधलं दार लोटून घेतलं. बायको रजियाबी, मुलगा शाकीब, सून निखत, सगळ्यांनी समजावून पाहिलं. लग्नाकार्यातही ते जाईनासे झाले.

मित्रांनो, चौदा महिने मी या माणसाला एकट्यानं जेवताना पाहिलं. जेवण झालं की मांडीवर सांडलेली शितं ते डाव्या हातानं एकेक करून वेचायचे, कुणाला दिसू नयेत म्हणून. ज्यानं कधी थेंब गळू दिला नाही त्याची ती धडपड पाहून मला फार वाईट वाटायचं. पण कोपऱ्यातला पत्रा काय करणार?

अब्दुल रहीम यांची नात लुबना तेव्हा अकरा वर्षांची होती. तिची मैत्रीण अबोली आधी याच गल्लीत राहायची, मग तिचे वडील बदलीवर अमरावतीला गेले. राजापेठेतल्या त्यांच्या घरी अबोलीच्या वाढदिवसाला लुबनानं पहिल्यांदा टाको खाल्ला आणि ती पार खुळावली. अबोलीच्या आईनं, चारुशीलाकाकूंनी, तयार टाकोच्या पोळ्यांचा एक डबाच तिच्याबरोबर दिला. त्या शुक्रवारी निखतनं खिमा केला, कांदा-टमाटा बारीक चिरला, दही फेटलं, आणि जमिनीवर दस्तरखान अंथरला. दस्तरखान म्हणजे जेवताना खाली घालायचं कापड. रजियाबींनी आपल्या लग्नाआधी तो स्वतः भरला होता, कडेला निळ्या वेली काढून.

त्या दिवशी मधलं दार थोडं उघडं राहिलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं. टाको ताटात उभा राहीना. हातात धरला तर चावताच दुभंगायचा. शाकीबच्या मांडीवर खिमा, रजियाबींच्या बाहीत दही, आणि लुबनाच्या नाकावर काय होतं ते तिलाच माहीत. चौघांच्या हातून एकाच वेळी सांडत होतं. इकडे दुकानात अब्दुल रहीम यांचे खांदे हलताना दिसले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. मग त्यांनी डाव्या हातानं आपलं ताट उचललं, दार ढकललं आणि ते दस्तरखानाच्या कडेला जाऊन बसले. त्यांचाही टाको फुटला. कुणी पाहिलं नाही, कारण जो तो आपापलं वेचण्यात गुंतला होता.

पण खिम्याचं तेल निळ्या वेलींवर उतरलं होतं. तीन वेळा धुऊनही डाग जाईना. रजियाबी शिस्तीच्या बाई. हा पसारा आपल्या घरात पुन्हा होणार नाही, असं त्यांनी बजावून टाकलं. पुढच्या शुक्रवारी सालन, म्हणजे मटणाचा रस्सा, आणि भाकरी झाली. सगळे नीटनेटके बसले, काहीच सांडलं नाही. अब्दुल रहीम थोडा वेळ दाराशी उभे राहिले, आणि ताट घेऊन परत दुकानात आले. रजियाबींनी अर्धी भाकरी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात आल्या. हातात काही नव्हतं. अब्दुल रहीम यांच्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "त्या टाकोले उभं राहाले कायतरी करून द्या. पसारा नाई झाला पाह्यजे."

अब्दुल रहीम यांनी आपला उजवा हात थोडा वर केला. "याच्यानं कातर धरनं होत नाई, रजिया. तुले माहीत नाई का?"

"हात माहे घ्या," रजियाबी म्हणाल्या. "डोकं तुमचं लावा."

मी त्या घरात आणि त्या दुकानात पुष्कळ बोलणं ऐकलं आहे. याच्या तोडीचं दुसरं ऐकलं नाही.

तर मित्रांनो, माझा जन्म असा झाला. आधी रजियाबींनी कोठीचा जस्ती पत्रा पुढे ओढला. अब्दुल रहीम यांनी मान हलवली. जस्ताला दही-लिंबू लागलं की कळकतं, पोरांच्या पोटात जायला नको, म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माप घ्यायला घरात टाकोची पोळी शिल्लक नव्हती. रजियाबींनी सकाळची भाकरी दुमडून दाखवली आणि अब्दुल रहीम यांनी त्यावरून माप सांगितलं. खिळ्यानं रेघा ओढल्या. रजियाबींनी आयुष्यात पहिल्यांदा पत्र्याची कातर धरली. पहिली कापणी इतकी वाकडी गेली की मला लाज वाटली. अब्दुल रहीम चिडले नाहीत. डावा हात त्यांनी रजियाबींच्या मनगटाखाली धरला आणि दुसरी कापणी सरळ गेली.

खरा त्रास मी दिला. मी स्टील आहे, आणि स्टील हट्टी असतं. लोखंडी नळीवर दाबून वाकवलं की मी थोडा मागे यायचो. रजियाबी मला मनापासून रागावल्या. तेव्हा अब्दुल रहीम यांनी सांगितलं की पाहिजे त्याहून थोडं जास्त वाकव, मग तो आपल्या जागी येईल. झालंही तसंच. माझ्यासारख्याची नस ओळखणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. पाच खाचा पडल्यावर त्यांनी कडा दुमडून घेतल्या, आणि शेवटी थरथरता उजवा हात माझ्या कडेवरून सावकाश फिरवला. जो हात घास धरू शकत नव्हता त्याला एका कोपऱ्यातली बारीक धार बरोबर लागली. लुबनाचं बोट कापलं असतं, म्हणाले, आणि ती कानशीनं घासून घेतली. दोन दिवसांच्या कामात त्यांच्या चेहऱ्यावर जे पाहिलं ते मी कोठ्यांच्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं.

आणि एवढं होऊन मी चुकलो होतो. चारुशीलाकाकूंनी दुसरा डबा पाठवला तेव्हा कळलं की त्या तयार पोळ्या माझ्या खाचांत सैल बसतात आणि तोंडावर पडतात. माप भाकरीचं घेतलं होतं ना! लुबनाचं तोंड उतरलं. रजियाबी मात्र क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि चुलीकडे गेल्या. ज्वारीच्या पिठात थोडं मक्याचं पीठ मिसळून त्यांनी बशीएवढ्या पातळ भाकरी थापल्या, आणि गरम असतानाच दुमडून माझ्या खाचांत ठेवल्या. गार होईपर्यंत त्यांनी माझाच आकार धरला. तव्यावर जरा शेकल्या की कुरकुरीत. फुटल्या तरी दोन तुकडेच व्हायचे, भुगा होत नव्हता. खरं सांगू, राजापेठेच्या टाकोपेक्षा हा सरस होता. नंतर चारुशीलाकाकूंनी स्वतः हे कबूल केलं आणि माझ्यासारखा एक करवून नेला.

आता सारण भरायचा प्रश्न होता. मोठ्या परातीत मला ठेवलं, भोवती खिमा, कांदा, दही, कोथिंबीर, लिंबाच्या वाट्या. दस्तरखानावर परात असल्यामुळे निळ्या वेली सुरक्षित. निखत ही फार कमी बोलणारी सून. तिनं खेळाचा एकच नियम सांगितला. आपला टाको आपण भरायचा नाही, उजवीकडच्या माणसाचा भरायचा. त्याला काय हवं ते आधी विचारायचं. लुबना टाळ्या वाजवायला लागली. मला मात्र निखतचा डाव लगेच कळला. ज्या घरात प्रत्येकाचा टाको दुसराच भरतो, तिथे अब्दुल रहीम यांचा टाको कुणी भरला तर त्याला मदत कोण म्हणणार? धन्य ती निखत.

पण मग अब्दुल रहीम यांनाही कुणाचातरी भरावा लागणार होता. त्यांच्या उजवीकडे रजियाबी होत्या.

ते दाराशी बराच वेळ उभे होते. मग येऊन बसले. त्यांची पाळी आली तेव्हा मी खाचा घट्ट धरून उभा राहिलो. त्यांनी उजव्या हातानं खिम्याचा चमचा उचलला. चमचा वाटीवर वाजायला लागला. निम्मा खिमा टाकोत गेला, निम्मा परातीत.

"सांडलं," ते हळूच म्हणाले.

"परातीत सांडलं," रजियाबी म्हणाल्या. "परात मंग कायले ठेवली? कांदा घाला, मले जास्त लागते."

त्यांनी कांदा घातला. तोही निम्मा सांडला. रजियाबींनी तो टाको उचलून खाल्ला, शेवटचा तुकडासुद्धा. मग परातीतला खिमा निपटून घेत म्हणाल्या की खालचाच जास्त चांगला लागतोय. लुबनानं लगेच आपलाही थोडा मुद्दाम परातीत पाडला.

त्यानंतर किती शुक्रवार झाले ते मी मोजले नाहीत. माझं कौतुक खूप झालं. अब्दुल रहीम सांगत आणि रजियाबी कापत, असे आणखी नऊ स्टँड त्या दुकानात तयार झाले, आणि शेजारपाजारचे रजियाबींना कारागीर म्हणून चिडवू लागले. त्या चिडत नसत.

आता मी जुना झालो आहे. माझी एक खाच जरा उघडली आहे आणि अंगावर ओरखडे आहेत. हल्ली मी पुष्कळदा फळीवरच असतो. पण मला सगळ्यात आवडतो तो दिवस फळीवरचाच आहे. साधा मंगळवार होता. टाको नव्हते, खेळ नव्हता, परातही नव्हती. निखतनं अंबाडीची भाजी आणि भाकरी केली होती. अब्दुल रहीम आतल्या खोलीतून आले आणि सगळ्यांत बसून जेवू लागले. भाजी मांडीवर सांडली. त्यांनी ती वेचली नाही. कुणी पाहिलं नाही असं नाही, पाहिलं, आणि लुबना शाळेतली गोष्ट सांगत होती ती सांगत राहिली. मग त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं.

"रजिया, अजून वाढ थोडी," ते म्हणाले.

दुकानात चौदा महिने त्यांनी कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नव्हतं. तिथे मागायला होतं कोण? रजियाबींनी भाजी वाढली आणि पदरानं तोंड पुसल्यासारखं केलं. मी फळीवर उभा होतो, माझी कुणाला आठवण नव्हती, आणि मला फार आनंद झाला.

मित्रांनो, मला घासताना तारेची घासणी वापरू नका, एवढं माझं स्वतःसाठी मागणं आहे. दुसरं मागणं तुमच्या घरातल्या त्या माणसासाठी आहे, जो आपलं ताट उचलून वेगळ्या खोलीत जाऊन बसतो. त्याला भरवायला जाऊ नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि तुमच्या हातूनही थोडं सांडू द्या.