आठ डब्यांची टाकी

हब्साला चोर तुम्ही ठरवलंत. तिचा चेहरा न पाहता, टाकीत बोट न बुडवता, जिल्ह्याच्या कचेरीत पंख्याखाली बसून ठरवलंत. 'टाकीवालीने अमोनिया चोरला, म्हणून चीक नासला.' हे वाक्य लिहिलेला कागद तिने सही करावी म्हणून माझ्याच लॉरीतून पाठवलात. आता माझं ऐका.

हब्सा आमच्या तेराप गावच्या रबर केंद्रावर सव्वीस वर्षं टाकी सांभाळत होती. गाव तिला मक म्हणायचं. मक म्हणजे आई. पोटी मूल नव्हतं, तरी म्हणायचं. चाळीस घरांनी झाडांना चिरा देऊन जमवलेला चीक मी लॉरीतून आणायचो. तो नासू नये म्हणून ती अमोनिया घालायची. मग समुद्री शेवाळाची पूड गरम पाण्यात विरघळवून त्यात ओतायची आणि तासभर सावकाश ढवळायची. त्यानंतर टाकीला कोणी हात लावायचा नाही. कट्ट्याला टेकलं तरी शिव्या. लॉरीसुद्धा मला लांब फणसाखाली थांबवावी लागे. तीन दिवसांत रबराची साय वर यायची, पाणी खाली राहायचं.

पूड रबराच्या कणांना चिकटते, असं तुमच्या भिंतीवरच्या फलकावर छापलंय. मक त्याला हसायची. एकदा तिने मला खालच्या पाण्यात बोटं बुडवायला लावली. पाणी बुळबुळीत होतं. म्हणजे पूड होती तिथेच होती, कोणाला चिकटली नव्हती.

"लग्नाच्या मांडवात पोरं धावायला लागली की म्हातारी माणसं काय करतात, लाजिम?" तिने मला विचारलं. "एकमेकांना खेटून उभी राहतात. पोरांना कोणाला चिकटायचं नसतं, त्यांना फक्त पळायला जागा हवी असते. त्यांच्यापायी म्हाताऱ्यांचे घोळके होतात. चिकातही रबराचा असा घोळका झाला की तो वर निघतो. तीच साय."

पोरं फारच झाली तर, असं मी विचारलं.

"मग सगळे असे दाटीवाटीने अडकतात की कोणालाच हलता येत नाही. मांडव ठप्प. पण तेही सुटतं रे. वाट बघावी लागते."

गेल्या मोसमात तुम्ही नवी पूड पाठवलीत. पोतं नवं, माप जुनंच: टाकीला आठ डबे. मकने चिमूटभर पूड भिजवून दोन बोटांत ताणून पाहिली. तार पहिल्या पुडीच्या दुप्पट निघाली. तिने समोरच्या टपरीवरून कॉफीचे तीन ग्लास आणले, त्यांत चीक घेतला आणि पूड कमीजास्त घालून खिडकीत ठेवले. दोन डब्यांच्या मापाचा ग्लास होता तसाच पांढरा राहिला. चारच्या मापावर सुरेख साय आली. आठचा दह्यासारखा थिजला. ते ग्लास घेऊन ती केंद्रावर आलेल्या तुमच्या फौझानसाहेबांपुढे उभी राहिली. म्हणाली, चार पुरे.

"मक, साखर किती घातली यात?" साहेबांनी विचारलं.

सगळे हसले. मीही हसलो.

साहेबांनी मापाच्या कागदावर बोट ठेवलं. नोकरी होती, तिने आठ डबे घातले. टाकी थिजली. तिसऱ्या दिवशी साहेब आले, त्यांनी काठी खुपसली आणि काठी उभीच राहिली. चीक नासला, म्हणाले. नासलेला चीक घाण मारतो, वाकून वास तरी घ्या, असं मक विनवत होती. वाकले असते तर आतल्या पुरेपूर अमोनियाने साहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं असतं. ते वाकले नाहीत.

"दोन दिवस द्या, साहेब," ती म्हणाली. "ढवळू नका, हलवू नका. धरून बसलंय, ते सोडेल."

साहेबांनी टाकी रिकामी करायला सांगितली. झडप मी फिरवली. चाळीस घरांचा चीक गचके खात ओढ्यात गेला आणि मक चपला हातात घेऊन बघत उभी राहिली.

पण प्रत्येक टाकी ढवळून झाली की बरणीभर चीक घराखाली सावलीत ठेवायचा, हा तिचा जुना नेम. त्या टाकीचीही बरणी होती. पाचव्या दिवशी दुपारी तिने मला हाक मारली. सकाळपर्यंत बरणी गच्च पांढरी होती म्हणाली. माझ्या डोळ्यांदेखत ती सुटली. बरणीच्या कडेने चिकाला भेग पडली, पाणी वाट काढायला लागलं, आणि तासाभरात वर साय, खाली पाणी. मधे रेघ, सुरीने कापल्यासारखी.

तोवर तुमचा तो चोरीचा कागद सहीसाठी आला होता. कचेरीपर्यंतचे तीस मैल ती माझ्या लॉरीत बरणी मांडीवर धरून बसली. कचेरीत शिपायाने वासामुळे बाहेरच थांबवलं. फौझानसाहेब पायरीवर आले. त्यांनी बरणी पाहिली. त्यांना कळलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

"कागदाची प्रत वर गेलीय, मक," ते हळू आवाजात म्हणाले. "सही करा, मोकळ्या व्हा. पोलिसांत नाही देणार कोणी."

"नोकरी ठेवा तुमच्याकडे," ती म्हणाली. "'चोरला' हा एक शब्द काढा. मला त्याच गावात मरायचंय."

शब्द काढणं त्यांच्या हातात नव्हतं. सही करणं तिच्या हातात होतं, ती तिने केली नाही. घरी परतताना वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, झडप तू फिरवलीस याचा राग नाही, पण तू हसायला नको होतंस.

आता ती लोकांची झाडं चिरते. एकसष्टाव्या वर्षी. गावजेवणाला पूर्वी भाताचं पातेलं तिच्या ताब्यात असायचं. आता बायका तिला मानाने बसवतात, कोठाराची किल्ली मात्र दुसरीकडे देतात. तोंडावर कोणी काही बोलत नाही. ती जेवते, ताट धुते आणि सगळ्यांच्या आधी निघते.

गेल्या सोमवारी तुमचं नवं मापपत्रक माझ्याच लॉरीतून आलं. मी ते केंद्राच्या दारात उभं राहून वाचलं. टाकीला चार डबे.

आठाचे चार कोणी केले? कोणाच्या खिडकीत बघून केले? ते नाव त्या कागदावर छापा, आणि दुसऱ्या कागदावरचा तो शब्द खोडा. खोडणार की नाही?