तक्रार क्रमांक एक

त्या स्टेशनात इतिहास घडावा असं रेल्वेच्याही मनात कधी नव्हतं. समुद्राला लागून एक फलाट, एक तिकीटखिडकी, एक बाक आणि मागे मास्तरांच्या दोन खोल्या. दिवसाला एक गाडी यायची, दोन मिनिटं थांबून निघून जायची. अकरा वर्षांपूर्वी रुळांवर वाळू चढली आणि तीही बंद झाली. तिकीटघरात खेकडे राहायला आले. मास्तर मात्र निवृत्त होऊनही तिथेच राहिले, कारण खोल्या रिकाम्या करा असं सांगायला रेल्वे विसरली होती.

आता तिला आठवण झाली. पत्र आलं की इमारत पाडायची आहे. तिथे काही ऐतिहासिक घडलं असल्यास पुरावा दाखवावा, साहेब सोमवारी येतील.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. या वयात बिऱ्हाड उचलून जायचं कुठे? तीन दिवस ते डोकं धरून इतिहास आठवत बसले. एकदा एक बकरी पहिल्या वर्गाच्या डब्यात चढली होती. एकदा एक मंत्री इथून गेले होते, पण झोपेत.

"झोपेत का होईना, गेले ना?" मास्तर म्हणाले.

"गेले. उतरले नाहीत," मास्तरीणबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "इथे मुद्दाम कोण उतरलंय कधी?"

खाऱ्या हवेने सगळी दप्तरं खाल्ली होती. वाचली होती ती फक्त तक्रारवही, लोखंडी पेटीत बावट्यांच्या खाली. आणि इथंच घोडं पेंड खात होतं. वहीतल्या सगळ्या तक्रारी एकाच हातच्या होत्या, मास्तरीणबाईंच्या. तक्रार पंधरा दिवसांत वरच्या कचेरीत पाठवावी असा नियम. "पाठवलीय, वरून उत्तर यायचंय," असं मास्तर चाळीस वर्षं सांगत आले होते. पाठवली एकही नव्हती. चोराच्या मनात चांदणं, म्हणून पेटीला कुलूपही होतं.

सोमवारी साहेब बुटांत वाळू घेऊन आले आणि बाकावर बसून बूट झटकू लागले. मास्तरांनी बकरीपासून सुरुवात केली. साहेबांनी काही लिहिलं नाही. मंत्र्यांपाशी त्यांनी पेन उचललं, झोपेपाशी खाली ठेवलं.

"कागद आहे का एखादा?"

"नाही हो," मास्तर म्हणाले.

"आहे की," म्हणत मास्तरीणबाई आत गेल्या आणि वही फडक्याने पुसत घेऊन आल्या. कुलपाचं काय झालं हे विचारायची मास्तरांची छाती झाली नाही.

साहेब मोठ्याने वाचू लागले. "तक्रार क्रमांक एक. पाटीवरची अक्षरं उडाल्यामुळे मी मावशीच्या गावाऐवजी इथे उतरले. चूक कळताच ओरडले. गाडी उभी होती. स्टेशनमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हिरवा बावटा दाखवला. क्रमांक दोन. मास्तरांनी दिलेला चहा इतका गरम होता की तो पिऊन होईपर्यंत दुसऱ्या दिवशीची गाडी गेली. क्रमांक तीन. फाटकवाल्याच्या आईकडे माझी सोय केली आहे, तिथे ढेकूण आहेत. आजचीही गाडी गेली." त्यांनी पान उलटलं. "क्रमांक चार, भिंतीला ओल?"

"ती लग्नानंतरची," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"जावक शिक्का एकावरही नाही."

मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे उत्तर यायचं होतं, ते..."

मास्तर चपलेने वाळू सारखी करू लागले.

"नियमाप्रमाणे विचारावं लागतं," साहेब म्हणाले. "यांचं ओरडणं तुम्ही ऐकलं होतं?"

त्या दिवशी वारा फार होता, हे मास्तरांचं ठरलेलं उत्तर. चाळीस वर्षं ते खपलं होतं. आज मात्र त्यांना त्याची लाज वाटली.

"ऐकलं होतं," ते म्हणाले. "स्पष्ट ऐकलं. लाल बावटा दुसऱ्या हातातच होता. पण म्हटलं, ही गेली तर पुन्हा कोण उतरणार इथे? आणि तक्रार पाठवली असती तर माझी बदली झाली असती."

साहेबांनी फायलीतला नियम शोधला आणि घसा साफ केला.

"तक्रारवहीतली प्रत्येक तक्रार निकाली निघेपर्यंत इमारतीला हात लावता येत नाही. समाधान झालं, असं तक्रारदाराने लिहून दिलं तरच." त्यांनी पेन पुढे केलं. "बाई, झालं का समाधान?"

मास्तरांना वर बघवेना. रागाच्या भरात ती 'झालं' लिहून मोकळी झाली, तर घरही जाणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मास्तरीणबाईंनी चष्मा लावला आणि बराच वेळ लिहिलं.

साहेबांनी वाचलं. "समाधान झालेलं नाही. होईलसं दिसतही नाही. चौकशी याच जागी, माझ्यासमोर चालू ठेवावी." त्यांनी खाली शिक्का मारला, बूट घातले आणि रुळांवरून आले तसे निघून गेले.

मास्तर बाकावर बायकोच्या शेजारी बसले. जरा वेळाने त्यांनी भीतभीत विचारलं, "अगं, तो चहा खरंच इतका गरम होता?"

"कोमट होता," त्या म्हणाल्या. "ती तक्रार लिहायची राहिलीय."