जागा पाहिल्याचा दाखला

मी खोटं बोललो ते शिक्क्याबद्दल. शिक्का माझ्या टेबलाच्या खणात होता आणि मी सांगितलं की तो सांगलीला गेलाय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी स्वतःची बाजू मांडायला लागलो तर तुम्ही फार मनावर घेणार नाही.

मी दादासो. फौजेत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो. आता सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर, भैरोबाच्या माळावर जी विमानाची धावपट्टी आहे, तिचा मैदान प्रभारी आहे. प्रभारी म्हणजे सगळं मीच. पहारेकरी मी, कारकून मी, झाडलोट मी आणि धावपट्टीवर रवंथ करत बसलेली मेंढरं हाकलणाराही मीच. पूर्वी इथं शिकाऊ पोरांची छोटी विमानं यायची. ती कंपनी चार वर्षांपूर्वी गाशा गुंडाळून गेली. आता निवडणुका लागल्या की एखादं हेलिकॉप्टर येतं, धुरळा उडवतं आणि जातं. एरवी टॉवर आणि मी.

टॉवर चार मजली, पायऱ्या बासष्ट. सगळ्यात वर काचेची खोली आहे आणि तिथं विमानांशी बोलायचं यंत्र आहे. मी रोज सकाळी ते फडक्यानं पुसतो. त्याच्या बरोबर वरचं छत गळतं. छत बदलावं म्हणून मी चार वर्षांत चार पत्रं लिहिली. चौथ्या पत्राला उत्तर आलं की पहिल्या पत्राची प्रत जोडावी.

माझी बायको मनुबाई कंपनी गेली त्याच साली गेली. मुलगा जयराज पुण्यात असतो. रविवारी फोन करतो, "जेवलासा का?" विचारतो, मी "जेवलो" म्हणतो, की झालं. मला एकटं वाटतं. साठीला टेकलेल्या माणसानं, त्यातून फौजीनं, हे बोलू नये अशी रीत आहे, म्हणून कुणाला बोललो नव्हतो.

अखेर या सप्टेंबरात छताचं टेंडर निघालं. त्यात एक अट होती. टेंडर भरणाऱ्यानं चोवीस तारखेपर्यंत प्रत्यक्ष येऊन जागा बघायची, प्रभारीच्या वहीत सही करायची, आणि जागा पाहिल्याचा दाखला टेंडरला जोडायचा. दाखल्यावर सही माझी, शिक्का माझा. चोवीसच्या पुढची तारीख असली की टेंडर बाद. हे वाचून मला काय आनंद झाला म्हणून सांगू. पंधरा दिवस माणसं येणार, बासष्ट पायऱ्या चढणार, छताकडं बघून हळहळणार. मी बाजारातून दोन नवे कप आणले.

सोमवारी, बावीसला, पहिली जीप आली. आधी आमच्या सांगलीच्या ऑफिसातल्या आप्पासोचा फोन आला होता. "लालासाहेबांचा मानूस यील. त्येंचा एक आन त्येंच्या मेव्हन्याचा एक, दोन दाखलं दिऊन टाका." लालासाहेब म्हणजे आमच्याकडचे बडे ठेकेदार. त्यांचा माणूस खाली उतरलासुद्धा नाही. जीप चालूच ठेवून त्यानं खिडकीतून कागद पुढं केले. मी म्हणालो, "वर येऊन बघा तरी, छत कसलं हाय ते." तो म्हणाला, "गड्या, छत छतासारकंच आसनार की." मी दोन शिक्के मारले. सरकारी नोकरीत असंच चालतं आणि मीही ते चालवलं. जीप गेली. कप तसेच राहिले.

त्यानंतर कुणी आलं नाही. चोवीस तारीख उजाडली. बुधवारी साडेदहाच्या सुमाराला एक स्कूटी माळावरून धडपडत आली. वर एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची पोरगी होती. हेल्मेट काढून म्हणाली, "काका, टॉवर ह्योच न्हवं? मी अपेक्षा. दहिवडीवरनं आले. छताचं टेंडर भरायचंय."

टॉवर म्हणजे माळावरची एकच उभी गोष्ट. तरी तिनं विचारलं हे मला बरं वाटलं.

ती माण तालुक्यातली, धनगराची. बाप अजून मेंढरामागं असतो. तिनं बांधकामाचा डिप्लोमा केला, पाच वर्षं दुसऱ्याच्या कामावर उन्हातान्हात उभी राहिली आणि आता स्वतःच्या नावावर ठेकेदाराची नोंदणी केली होती. हे पहिलं टेंडर. "पयलं काम पदरात पडलं की म्होरचं दार उघडतंय, काका. अनुभवाचा दाखला न्हाई तर काम न्हाई, आन काम न्हाई तर अनुभव न्हाई," असं म्हणत ती पायऱ्या चढली. वर जाऊन तिनं शिडी मागितली. मी धरली. छताच्या पोटात डोकं घालून ती ओरडली, "काका, ह्ये तर सिमेंटचं पत्रं हायती! कागदावर स्लॅब लिवलाय. ज्यानं अंदाजपत्रक केलं त्यो कवा वर आला हुता का?"

"ह्या जल्मी तरी न्हाई," मी म्हणालो. ती हसली.

मग तिनं टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. "ह्ये जरा धरा." मी धरलं. ती खोलीभर फिरत होती, मापं मोठ्यानं सांगत होती, मीच ती तिच्या वहीत उतरत होतो. "काका, ढिलं सोडू नका." "काका, आता त्या कोपऱ्यात." गेल्या चार वर्षांत मला कुणी हे धर म्हटलं नव्हतं. दीड तास गेला तो मला कळला नाही.

खाली आल्यावर चहा केला. नव्या कपात. तिनं पिशवीतून बाजरीची भाकरी आणि चटणी काढली, अर्धी माझ्यापुढं सरकवली. खाऊन झाल्यावर वहीत सही केली, तारीख टाकली आणि म्हणाली, "दाखला द्या, मंजी निघते."

खण माझ्या गुडघ्याला लागत होता. तो उघडला असता, शिक्का मारला असता, तर ती दोन मिनिटांत माळ उतरून गेली असती. मी म्हणालो, "शिक्का सांगलीला गेलाय सहीच्या कामाला. उद्या या."

तिचा चेहरा उतरला. "आवं काका, भेटीची आजच शेवटची तारीख हाय."

"भेट आजच झाली की. वहीत सही हाय तुमची. उद्या दाखल्यावर तारीख आजचीच टाकतो. टेंडर परवा तीनपातुर भरायचंय, लय येळ हाय."

तिनं माझ्याकडं जरा टक लावून बघितलं. मग म्हणाली, "सरकारी काम आन सहा म्हयनं थांब," आणि स्कूटीला किक मारली.

त्या संध्याकाळी मी गावात जाऊन वांगी आणली. सकाळी लवकर उठून मसाला वाटला, भाकरी थापल्या. मनुबाई गेल्यापासून दोन माणसांचा स्वयंपाक पहिल्यांदाच केला होता. खुर्चीवरची धूळ झटकली. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या उतावळ्या नवऱ्यासारखं माझं झालं होतं, आणि ते मला कळत होतं.

ती बाराला आली. हेल्मेट काढलं नाही, बसलीही नाही. पिशवीतून एक पांढरं पाकीट काढून तिनं टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एवढंच जमलं. आता तरी शिक्का आला आसंल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "उचला त्ये!" मी ओरडलो. "मी काय लाचखाऊ वाटलो व्हय तुमाला? चोवीस वर्सं सीमेवर काडली मी! कुनाचा चा बी फुकट पिलो न्हाई!"

"मंग काल का परत धाडलं?" ती तितक्याच जोरानं म्हणाली. "जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर पडतंय मला. शिक्का कुटं जात न्हाई आन कुटनं येत न्हाई, ह्ये मला बी कळतंय."

तिला खरं सांगायचं होतं. सांगायला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग काढणं सोपं होतं. मी धाडकन खण उघडला, शिक्का तिच्या डोळ्यांदेखत बाहेर काढला, दाखल्यावर हाणला, सही केली, तारीख टाकली, पुस्तकातून कागद फाडून तिच्यापुढं फेकला. तिनं तो न बघताच घडी करून पिशवीत घातला. पाकीट उचललं. स्कूटीचा आवाज लांब जाईपर्यंत मी तसाच उभा होतो. वांग्याचं पातेलं झाकूनच राहिलं.

शुक्रवारभर मी फुगून बसलो. कशालाही हात लावला नाही. संध्याकाळी पाच वाजता महिन्याची वही पुरी करायला दाखल्यांचं पुस्तक उघडलं आणि तिच्या दाखल्याच्या स्थळप्रतीवर नजर गेली. तारीख पंचवीस होती. माझ्याच अक्षरात. फौजेत सही केली की त्याच दिवसाची तारीख टाकायची, ही सवय हाडात मुरलेली. रागाच्या भरात हात सवयीनं चालला. टेंडरची मुदत तीनलाच संपली होती.

वहीतून तिचा नंबर काढून फोन लावला. तिनं कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. शनिवारी, रविवारी लावला. बरोबर आहे. मला अजून काहीतरी हवंय असंच तिला वाटलं असणार.

सोमवारी बाराला सांगलीच्या ऑफिसात टेंडरं उघडायची होती. मी वही काखोटीला मारून पहाटेची एसटी धरली. साहेबांच्या केबिनमध्ये संगणकावर एकेक टेंडर उघडत होतं. लालासाहेबांचा जीपवाला माणूस ऐसपैस बसला होता. अपेक्षा कोपऱ्यात उभी होती, इस्त्रीचा ड्रेस घालून. मला बघून तिनं मान फिरवली.

लालासाहेब पात्र ठरले. मेव्हणे पात्र ठरले. मग साहेब म्हणाले, "यांचा दाखला पंचवीसचा आहे. मुदत चोवीसची होती. बाद."

अपेक्षानं पुढं होऊन पडद्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. तेवढ्यात मी वही टेबलावर ठेवली. "सायेब, ह्या बाई चोवीसला आल्या हुत्या. ही त्येंची सही. दीड तास मापं घेतली त्येंनी. तारीख म्या चुकीची टाकली."

साहेबांनी वही पाहिली. "मग दाखला चोवीसलाच का नाही दिला?"

"शिक्का न्हवता म्हना," शेजारी उभा असलेला आप्पासो माझ्या कानात पुटपुटला.

साहेबांनी ते ऐकलं. "शिक्का नव्हता, तर बावीसला हे दोन दाखले कसे दिलेत? दादासो, खरं सांगा. पैसे मागितले होते का?"

मी काही बोलायच्या आत अपेक्षाच म्हणाली, "मागितलं न्हाईत. मीच नेलं हुतं. त्येंनी घेतलं न्हाईत."

आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. जिनं तीन दिवस माझा फोन कापला, ती माझी बाजू घेत होती. मी म्हणालो, "सायेब, शिक्का खनातच हुता. ह्या पोरीनं माज्यासंगं बसून चा पिला, भाकरी खाल्ली. माज्याकडं कुनी येत न्हाई. ती दुसऱ्या दिवशी परत यावी म्हनून मी खोटं बोललो."

मग जीपवाला फिसकन हसला. "म्हातारा रंगेल हाय की!" आप्पासोही तोंड फिरवून हसला. अपेक्षाचे कान लाल झाले, तिनं ओढणी सारखी केली आणि जमिनीकडं बघायला लागली. तिला सोडवायला गेलो आणि चारचौघांत चिखलात ओढली. एवढं खरं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो, आणि त्याचं हे झालं.

साहेब हसले नाहीत. त्यांनी वही मिटून माझ्याकडं सरकवली. "मला पटतंय, दादासो. पण टेंडर उघडल्यावर कागद बदलता येत नाही. तारीख ती तारीख." चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. ज्यांनी जागा पाहिली नाही त्यांचे दाखले शुद्ध होते, आणि ते मीच दिले होते.

जिन्यात मी तिला गाठलं. "पोरी, चुकलं माजं. लय मोटी चूक झाली."

ती दोन पायऱ्या खाली थांबली. मला वाटलं आता शिव्या घालेल, आणि घालाव्यात असंच मला वाटत होतं. पण ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "आवं काका, नुसतं 'बस' म्हनायचं हुतं. बसले असते की. त्या दिवशी मला घरी जायची कसली घाई न्हवती. मी बी कुटं जाईल तितं एकटीच असते." मग डोळे पुसून म्हणाली, "जाते. दहिवडीची गाडी तीनला हाय."

घड्याळात दीड वाजत आला होता. ऑफिसच्या फाटकासमोर चहाचं हॉटेल होतं, बाकं रिकामी होती. मला एकच शब्द बोलायचा होता, आणि तो आत्ताच तिनं मला सांगितला होता. ती फाटकातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला आणि स्टँडकडं वळली. मी वही छातीशी धरून उभा राहिलो. शब्द काही तोंडातून निघाला नाही.