जिंकून दवाखान्यात

चंदू कोळ्याचे दात म्हणजे वेसाव्यातलं एक प्रकरणच होतं. सत्तरीला टेकला, पण एक दात हलेल तर शपथ! लोक जाळ्याच्या दोरीवर शिशाच्या गोळ्या बसवायला पक्कड घेतात. हा गडी गोळी दाढेत धरायचा आणि कटकन दाबून मोकळा. गोळ्याही घरच्याच. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं डब्यात वितळवायचं, साच्यात ओतायचं, आणि गालात तंबाखू धरून त्या धुरात मोठ्यानं गाणी म्हणायची.

नारळी पुनव जवळ आली तसं कोळीवाड्यात आरोग्य तपासणी शिबिर लागलं. चंदूची नात विनिता, दहावीतली, तिथं नावं पुकारायला बसली. गेल्या गॅदरिंगला निवेदन केल्यापासून तिचा आवाज असा सुटला होता की माइकच लाजावा. जेवणाच्या सुट्टीत तिनं डॉक्टर दर्शनाबाईंना आजोबांच्या दातांचा पराक्रम अगदी रंगवून सांगितला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी डबा बाजूला सारला.

"बॅटरीचं शिसं? तोंडात? अगं, त्यात आर्सेनिक असतं, कधी कॅडमियमही. हे धातू अंगात साचत जातात. पुरुषांना मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची अक्रोडाएवढी ग्रंथी असते. असे धातू तिथल्या पेशी बिघडवतात, बिघाडाची दुरुस्तीही नीट होऊ देत नाहीत. त्यानं कॅन्सरचा धोका वाढू शकतो. होतोच असं नाही हं, वय असतं, घराणं असतं. त्यांना लघवीचा काही त्रास?"

विनिताला एकदम आठवलं. आजोबा हल्ली सारखे संडासाकडे पळायचे आणि सगुणाआजी बाहेरून ओरडायची, "आत झोपलास काय रे?"

"मग त्यांना घेऊन ये. उशीर नको," बाई म्हणाल्या.

झालं! घरी विनिताचं भाषण सुरू. चंदूनं सगळं ऐकून घेतलं.

"नाय येनार."

"सुईला घाबरतोस?"

"वादळात होडी हाकलीय मी! सुईला भिईन? पन चार मानसांत लघवीच्या गोष्टी? माज्या अब्रूची वाट लागंल!"

विनितानं डोकं चालवलं. "पैज लाव. पुनवेला नारळ लढवू. तुझा फुटला तर तू यायचं. माझा फुटला तर मी परत एक अक्षर काढणार नाही."

चंदूचे डोळे लकाकले. नारळ फोडण्यात त्याचा हात धरणारा गावात कोण होता? "कबूल!"

मग काय, विनिता टणक नारळ शोधत, दुकानोदुकानी कानाशी ठोकत हिंडली. "घेतेयस की तपासतेयस?" म्हणून दुकानदार परेशदादा वैतागला.

पुनवेला बंदरावर बँड वाजत होता, सगळे नटूनथटून आलेले. विनितानं नारळ उगारून दणका दिला. आजोबांचा नारळ जसाच्या तसा. मग चंदूचा हात वर गेला आणि... खाड! पाणी थेट तिच्या नव्या ड्रेसवर. लोकांनी शिट्ट्या मारल्या. विनिता मात्र फुटकी करवंटी हातात धरून उभी. शब्द म्हणजे शब्द. आता बोलायचं नाही, आणि आजोबा जाणार नाहीत. तिचे डोळे डबडबले.

"काय गो बाय? बोल की!"

तिनं मानेनंच नाही म्हटलं.

चंदूनं तिचे भरलेले डोळे पाहिले. मग खाकरून म्हणाला, "डाक्टरीन कवा बसते?"

"पण तू तर जिंकलास!"

"म्हनून तर! हरून गेलो असतो तर अख्खं वेसावं बोललं असतं, नातीनं फरफटत नेला. आता जिंकून चाललोय. खोबरं घे सोबत, डाक्टरनीला लागंल."

रक्तात शिसं भरपूर निघालं. पुढच्या तपासण्यांत प्रोस्टेटमध्ये छोटी गाठ सापडली, कॅन्सरचीच. विनितानं आजोबांचा हात घट्ट धरला.

"शिशानंच झाली असं मी छातीठोक नाही सांगू शकत," दर्शनाबाई म्हणाल्या. "पण लवकर आलात. गाठ अजून बाहेर पसरलेली नाही. उपचार आहेत."

"म्हंजे होडी अजून बंदरातच हाय," चंदू म्हणाला, आणि विनिता रडता रडता हसली.

उपचार सुरू झाले. बॅटऱ्या गेल्या, शिसं वितळवायचा डबा गेला, घरात जाळ्यासाठी तयार गोळ्या आल्या आणि एक नवी कोरी पक्कड. पहिल्याच दिवशी चंदूनं तिच्यात स्वतःचा अंगठा चिमटला आणि अशी शिवी हासडली की सगुणाआजीनं खिडकी लावून घेतली.

"आजोबा, पुढच्या पुनवेला परत पैज?" विनितानं विचारलं.

"कशावर?"

"तुझ्या तंबाखूवर."

चंदूनं तिच्याकडे रोखून पाहिलं, पक्कड खाली ठेवली आणि देव्हाऱ्याजवळचा नारळ उचलून कानाशी ठोकला.